लांब नाकाचा ट्रक आणि चपट्या तोंडाचा ट्रक: टिकाऊ कोणता, आरामाचा कोणता?

व्होल्वो ही स्वीडनची कंपनी. तिच्या गोथेनबर्गच्या कारखान्यातून एफएच नावाचा ट्रक बाहेर पडतो. तोंड सपाट, काच जवळजवळ उभी, इंजिन केबिनच्या खाली आणि ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या डोक्यावर. हीच कंपनी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या डब्लिन गावी व्हीएनएल बनवते. त्याला पुढे लांबलचक बोनेट, ड्रायव्हर चाकांच्या बराच मागे आणि त्याच्या पाठीशी माणूस उभा राहून कपडे बदलू शकेल एवढी झोपायची खोली. दोन्हींमध्ये 13 लिटरचं डी13 इंजिन आणि आपोआप गिअर बदलणारा आय-शिफ्ट गिअरबॉक्स मिळतो. कंपनी एक, इंजिनाचं घराणं एक, तरी ट्रक दोन.

'अमेरिकन ट्रक भारी की युरोपियन?' असा वाद घालणाऱ्यांनी आधी या जोडीकडे बघावं असं मला वाटतं. हा वाद सहसा माणसांच्या स्वभावावर घसरतो. अमेरिकन माणसाला सगळं मोठंच लागतं, युरोपियन माणूस काटेकोर, वगैरे. खरं कारण त्याहून साधं आहे आणि ते वाहतुकीच्या कायद्यात सापडतं. गाडीची लांबी मोजताना टेप कुठून कुठपर्यंत धरायची, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं आहे. ड्रायव्हरचा आराम, दुरुस्तीची सोय आणि टिकाऊपणाबद्दलचे बरेचसे समज तिथूनच सुरू होतात.

टेप कुठून धरायची

युरोपियन संघात घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, आणि ट्रेलर मिळून अख्खी गाडी 16.5 मीटरच्या आत बसावी लागते. मोजणी पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या शेवटापर्यंत. भाडं मालाचं मिळतं, बोनेटचं मिळत नाही. मग मालकाने काय करावं? 13.6 मीटरचा ट्रेलर घ्यावा, ज्यात 33 युरो-पॅलेट, म्हणजे माल रचायचे ठरावीक मापाचे लाकडी पाट, बसतात, आणि उरलेल्या जागेत केबिन बसवावं. त्या केबिनची लांबी जेमतेम सव्वादोन मीटर भरते. इंजिनाला पुढे जागाच नाही, म्हणून ते ड्रायव्हरच्या खाली गेलं. शिवाय ही गाडी बाहेरून 12.5 मीटर आणि आतून 5.3 मीटर त्रिज्येच्या कड्यात वळून दाखवावी लागते. युरोपातली जुनी गावं, अरुंद चौक आणि गल्लीबोळातले गोदामाचे दरवाजे पाहिले की हा नियम का आला ते समजतं.

अमेरिकेतही एके काळी असंच होतं. राज्याराज्यांचे एकूण लांबीचे नियम वेगवेगळे होते आणि 1960-70 च्या दशकांत तिथल्या महामार्गांवर चपट्या तोंडाचे ट्रक सर्रास दिसत. 1982 मध्ये संघीय कायदा आला आणि राष्ट्रीय मार्गजाळ्यावर घोडा-ट्रेलरच्या एकूण लांबीवरचं बंधन उठलं. आता फक्त ट्रेलर मोजायचा. घोडा कितीही लांब असला तरी मालाची जागा कमी होत नाही, मग चपट्या तोंडाची अडचण सोसायची कशाला? हळूहळू ते ट्रक तिथून गेले. फ्रेटलायनर कंपनीने आर्गोसी हा आपला शेवटचा मोठा चपटा ट्रक उत्तर अमेरिकेच्या बाजारातून 2006 मध्ये काढून घेतला. आज तिथला नेहमीचा ट्रेलर 53 फुटांचा, म्हणजे 16 मीटरहून थोडा जास्त. नुसता ट्रेलरच युरोपातल्या अख्ख्या गाडीएवढा.

लांबीला आणखी एक कारण आहे आणि ते पुलांचं. अमेरिकेत संघीय महामार्गांवर एकूण वजनाची मर्यादा 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36.3 टन. पण ते पूर्ण वजन न्यायचं तर पुलांसाठीचं एक सूत्र पाळावं लागतं. वजन थोडक्या लांबीत एकवटलं की पुलाचा मधला भाग जास्त वाकतो. तेच वजन लांबवर पसरलं की ताण कमी होतो. पाच एक्सलच्या, म्हणजे चाकांचे पाच आडवे आस असलेल्या, गाडीला पूर्ण 80,000 पौंड न्यायचे तर पहिल्या आणि शेवटच्या एक्सलमध्ये 51 फूट अंतर हवं. म्हणजे कायदा एका हाताने लांबीचं बंधन काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने एक्सल लांब-लांब ठेवा म्हणून सांगतो. लांब चासीचा घोडा तिथे सोयीचा ठरला तो यामुळे.

हे सगळं केवळ तर्काने मांडलेलं नाही, याचा पुरावा ऑस्ट्रेलियात रस्त्यावर धावतो. तिथे केनवर्थ ही अमेरिकन घराण्याची कंपनी व्हिक्टोरिया राज्यात ट्रक बनवते. ओसाड प्रदेशातल्या 53.5 मीटरपर्यंतच्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या ट्रेलरांच्या गाड्या, ओढायला ती बोनेटवाले ट्रक देते. पण दोन ट्रेलरच्या बी-डबल गाडीला 26 मीटरची मर्यादा आहे, आणि तिच्यासाठी हीच कंपनी के-मालिकेचे चपट्या तोंडाचे ट्रक आजही बनवते. लांबी मोजली की अमेरिकन ट्रकचंही नाक जातं. उलट स्कॅनियाने युरोपात बोनेटवाली टी-मालिका बरीच वर्षं चालवून पाहिली आणि पुरेसं गिऱ्हाईक नाही म्हणून 2005 च्या सुमारास बंद केली.

स्टिअरिंगवर बसल्यावर

आरामाचे दोन भाग करावे लागतात: गाडी चालतानाचा आणि गाडी उभी असतानाचा. दोन्हींचं उत्तर वेगळं येतं, आणि बहुतेक वाद हे दोन एकत्र कालवल्यामुळे होतात.

चालताना ड्रायव्हर कुठे बसला आहे याला फार महत्त्व. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्याला प्रत्येक खड्डा वर उडवतो आणि मधल्या बाकावरचा निवांत झोपलेला असतो, कारण दोन एक्सलच्या मधोमध हिसका सगळ्यांत कमी लागतो. अमेरिकन ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्या मागे, मधल्या बाजूला सरकून बसलेला असतो. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतरही साडेपाच-सहा मीटर. त्यामुळे लांब, सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी डुलत नाही, ठाम चालते. युरोपियन ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढेच असतो आणि त्याच्या घोड्याची दोन चाकांमधली लांबी साडेतीन-पावणेचार मीटर. त्याला हिसके जास्त बसायला हवेत.

पण बसत नाहीत, किंवा फार कमी बसतात. युरोपियन कंपन्यांनी ही उणीव ओळखून गेली पन्नास वर्षं तिच्यावरच काम केलं आहे. पूर्ण केबिन चारही कोपऱ्यांत स्प्रिंग किंवा हवेच्या फुग्यांवर तरंगतं. त्याखाली चासीचे पाटे किंवा फुगे वेगळे, आणि सीटखालचा फुगा आणखी वेगळा. रस्त्याचा धक्का ड्रायव्हरच्या मणक्यापर्यंत पोचेपर्यंत तीन ठिकाणी मुरतो. आवाजाचंही तसंच. इंजिन बुडाखाली असूनही आजच्या चांगल्या युरोपियन केबिनमध्ये हळू आवाजात बोलता येतं. पूर्वी इंजिनाचा फुगवटा केबिनच्या मध्ये यायचा आणि तो ओलांडून पलीकडे जावं लागायचं. रेनोने 1990 मध्ये मॅग्नम आणला, त्यात केबिन इतकं उंच बसवलं की आतली जमीन सपाट झाली. मग बाकीच्यांनीही तो रस्ता धरला. स्कॅनियाची सपाट जमिनीची एस मालिका 2016 ची. त्याची किंमत पायऱ्यांत मोजावी लागते. अशा केबिनमध्ये चढणं म्हणजे छोटी शिडी चढणं, आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा माल उतरवणाऱ्याच्या गुडघ्यांना ते लवकर जाणवतं.

शहरात युरोपियन ट्रकला तोड नाही. समोरचा माणूस, सायकलवाला, फुटपाथची कड सगळं ड्रायव्हरच्या पायांपुढे असतं. बोनेटवाल्या ट्रकपुढे उभं मूल बोनेटच्या मागे पूर्ण झाकलं जाऊ शकतं. चपट्या ट्रकलाही बाजूला आंधळे कोपरे असतातच. म्हणून लंडनने केबिनमधून डोळ्यांनी थेट किती दिसतं त्यावर ट्रकला तारे द्यायला सुरुवात केली, आणि कमी तारे असलेल्या ट्रकला जादा सुरक्षा साधनं बसवल्याशिवाय शहरात परवाना नाही. ताकदीबद्दलही एक गैरसमज आहे. अमेरिकन ट्रक दिसायला दांडगा, म्हणून ताकदही त्याचीच जास्त असं लोक धरून चालतात. रस्त्यावरच्या अमेरिकन ट्रकांत 400 ते 500 अश्वशक्ती नेहमीची आणि कमिन्सचं एक्स15 सहाशेच्या थोडं वर जातं. स्कॅनियाचं व्ही8 इंजिन 770 पर्यंत पोचलं, व्होल्वोचं एफएच16 त्याच्याही पुढे 780 पर्यंत. कारण स्वीडन-फिनलंडमध्ये लाकूड वाहणाऱ्या गाड्यांना साठ-सत्तर टन ओढायचे असतात. फिनलंडमध्ये तर 76 टनांपर्यंत परवानगी आहे.

उतार आणि गिअर

जुन्या अमेरिकन ट्रकचा इटन-फुलर गिअरबॉक्स ज्याने चालवला, त्याला तो कधी विसरता येत नाही. 10, 13 किंवा 18 गिअर, आणि आत सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरचे फेरे आपोआप जुळवून देणारा भाग, नाही. गिअर बदलताना क्लच दाबून न्यूट्रलला यायचं, क्लच सोडायचा, इंजिनाचे फेरे पुढच्या गिअरला जुळतील इतके पडू द्यायचे, पुन्हा क्लच दाबून दांडा आत सरकवायचा. फेरे जुळले तर दांडा लोण्यात गेल्यासारखा जातो. नाही जुळले तर दातावर दात घासल्याचा आवाज सगळ्या पार्किंगला ऐकू येतो. मुरलेले ड्रायव्हर क्लचला हातही लावत नसत, नुसत्या कानाने फेरे जुळवत. ते कसब मोठं होतं यात वाद नाही, पण दिवसभर गर्दीतून चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचं आणि उजव्या खांद्याचं त्यात काय होत असेल याचाही विचार करावा. युरोप सिंक्रोनाइज्ड गिअरबॉक्सकडे आणि मग आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सकडे लवकर गेला. व्होल्वोचा आय-शिफ्ट 2001 चा. अमेरिकेनेही आता तेच स्वीकारलं आहे. नवीन ट्रकांत हाताचा गिअर तिथेही मागे पडला.

उतारावर मात्र अमेरिकेचं एक मोठं देणं आहे आणि त्यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1931 मध्ये क्लेसी कमिन्स, म्हणजे कमिन्स इंजिन कंपनीचा संस्थापक, डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या काहोन घाटात लांबच लांब उतारावर ब्रेक तापून बसले. गाडी हाताबाहेर गेली आणि खाली रुळांवरून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक अगदी थोडक्यात वाचून पलीकडे गेला. कमिन्सने ती गोष्ट मनातून जाऊ दिली नाही. निवृत्तीनंतर त्याने इंजिनालाच ब्रेक बनवायची युक्ती शोधली, आणि जेकब्ज कंपनीने 1961 मध्ये ती बाजारात आणली. लोक तिला 'जेक ब्रेक' म्हणतात. पिस्टन हवा दाबत वर येतो. एरवी ती दाबलेली हवा पिस्टनला परत खाली ढकलते. जेक ब्रेक नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, हवा बाहेर निघून जाते, आणि वर येताना खर्ची पडलेली ताकद परत मिळत नाही. इंजिन गाडी ओढायचं सोडून गाडीला रोखायला लागतं. त्याचा फडफडाट एवढा मोठा की अमेरिकेत कित्येक गावांच्या वेशीवर तो वापरू नका म्हणून पाट्या आहेत.

युरोपियन ट्रकांतही आता इंजिन ब्रेक असतो, पण आल्प्स ओलांडणारे मालक त्याच्या जोडीला रिटार्डर घेतात. गिअरबॉक्सला जोडलेल्या एका कोठीत तेल सोडतात, फिरतं चक्र त्या तेलाला स्थिर चक्रावर आपटवतं, वेग उष्णतेत जातो आणि ती उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो. आवाज जवळजवळ नाही आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. त्यातून युरोपात डिस्क ब्रेक सार्वत्रिक, आणि समोर अडथळा दिसला की आपोआप लागणारे ब्रेक नोव्हेंबर 2015 पासून नव्या अवजड ट्रकांना सक्तीचे. अमेरिकेत ड्रम ब्रेक अजून खूप दिसतात. ब्रेकच्या बाबतीत मी बिनदिक्कत युरोपच्या बाजूने आहे.

रात्र

गाडी उभी राहिली की मात्र पारडं फिरतं. अमेरिकन स्लीपरची खोली 70 ते 80 इंच, म्हणजे पावणेदोन ते दोन मीटर, आणि ती ड्रायव्हरच्या सीटच्या मागे वेगळी. आत पूर्ण रुंदीची गादी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, कपाट, कधी टेबल, कधी दोन बंक. खास बनवून घेतलेल्या स्लीपरमध्ये सिंक आणि शॉवरही असतो. तिथला लांब पल्ल्याचा ड्रायव्हर घरापासून दोन-तीन आठवडे सलग लांब असतो, त्यामुळे ट्रक त्याचं घरच असतं. युरोपियन केबिनमध्ये सीटच्या मागे गादी, वर दुसरी, कप्पे नीटनेटके आणि साहित्य उत्तम. पण जागा मुळातच तेवढी. व्होल्वोने 1979 मध्ये ग्लोबट्रॉटर हे उंच छताचं केबिन आणलं, तेव्हा उभं राहता येणं हीच मोठी गोष्ट वाटली होती.

2015 मध्ये युरोपने नियम थोडा सैल केला. हवा कापायला आणि सुरक्षेला मदत होत असेल तर केबिन थोडं पुढे वाढवायची मुभा दिली. डॅफने 2021 मध्ये तिचा फायदा घेणारे पहिले मोठे ट्रक आणले. त्यांचं तोंड 16 सेंटिमीटर पुढे आलं आणि मोठ्या केबिनला मागेही वाढ मिळाली. ऐकायला क्षुल्लक, पण ज्याची सगळी खोली सव्वादोन मीटरची आहे त्याला ते पुष्कळ वाटतं.

आता माझं मत. केबिनच्या आकारावरून आराम ठरवणं अर्धवट आहे. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा, आणि दोन आठवडे मिळून 90 तासांच्या वर नाही. हे सगळं टॅकोग्राफ हे केबिनमधलं यंत्र नोंदवतं आणि रस्त्यावरचा अधिकारी तपासतो. डिसेंबर 2017 मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं की 45 तासांची पूर्ण साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येणार नाही. 2020 च्या नियमांनी ते पक्कं केलं: राहायची सोय मालकाच्या खर्चाने, आणि काम असं आखायचं की ड्रायव्हरला चार आठवड्यांत एकदा घरी जाता येईल. प्रत्यक्षात पळवाटा काढल्या जातात, पूर्व युरोपातले कित्येक ड्रायव्हर अजूनही शनिवार-रविवार पार्किंगमध्येच काढतात. तरी नियम माणसाच्या बाजूचा आहे. अमेरिकेत 14 तासांच्या खिडकीत 11 तास चालवायला परवानगी, मग 10 तास विश्रांती. 30 मिनिटांचा एक थांबा आठ तास चालवल्यानंतर. डिसेंबर 2017 पासून तिथेही इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. केबिन मोठं, पण त्यात घालवायचे दिवसही मोठे. ज्याला चांगली झोप मिळते त्याचा ट्रक आरामाचा, असं मी मानतो, आणि ती झोप गादीइतकीच वेळापत्रकाने मिळते.

टिकाऊ म्हणजे नक्की काय

'हे इंजिन दहा लाख मैल चालतं' असं अमेरिकन ट्रकबद्दल नेहमी ऐकू येतं. ते खोटं नाही, पण आकडा वाचायला शिकावं लागतं. इंजिनाचं आयुष्य सांगताना कंपन्या बी10 आणि बी50 अशी मापं वापरतात. बी50 म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंत निम्मी इंजिनं मोठ्या कामाला आलेली असतील. बी10 म्हणजे दहा टक्केच आलेली असतील. जाहिरातीत बी50 झळकतो, कारण तो मोठा असतो. आपल्या वाट्याला वरची निम्मी येतील की खालची, हे तो सांगत नाही. दोन ट्रकांची तुलना करताना एकाचा बी50 आणि दुसऱ्याचा बी10 शेजारी ठेवला तर निष्कर्ष साफ चुकतो.

अंतर कसं काटलं तेही बघायला हवं. लांब सरळ महामार्गावर, एकाच वेगाने, वर्षाला दीड-दोन लाख किलोमीटर धावणाऱ्या इंजिनाची झीज किलोमीटरमागे कमी होते. ते एकदा तापलं की दिवसभर त्याच तापमानाला राहतं. तेवढेच किलोमीटर थांबत-चालत, घाट चढत, शहरात शिरत काटणारं इंजिन जास्त थकतं. अमेरिकन ट्रकच्या मीटरवर मोठे आकडे दिसतात त्याचं बरंचसं श्रेय तिथल्या रस्त्यांना आहे. आणि पोलादाच्या दृष्टीने दोन्हीकडची मोठी इंजिनं सारख्याच पद्धतीची: लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या, काढून नवे घालता येतात, पिस्टन-रिंग बदलून इंजिन पुन्हा बांधता येतं.

शिवाय ही इंजिनं आता फार परकी राहिलेली नाहीत. फ्रेटलायनर 1981 पासून डाइमलरकडे आहे. त्याचं डेट्रॉइट डीडी मालिकेचं इंजिन आणि मर्सिडीजचं ओएम 471 एकाच मुळातून आले आहेत. केनवर्थ आणि पीटरबिल्ट बनवणाऱ्या पॅकारने 1996 मध्ये नेदरलँड्सची डॅफ घेतली आणि डॅफचं एमएक्स इंजिन अमेरिकन बोनेटखाली घातलं. मॅक 2001 पासून व्होल्वोकडे. नॅविस्टार, म्हणजे इंटरनॅशनल ब्रँडची कंपनी, 2021 मध्ये फोक्सवॅगनच्या ट्रॅटनकडे गेली, जिच्या छत्राखाली स्कॅनिया आणि मॅन आधीच होत्या. 'अमेरिकन इंजिन' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचे आराखडे बऱ्याचदा युरोपात निघालेले असतात.

मग ट्रक रस्त्यात बंद पडतो तो कशाने? बऱ्याचदा इंजिनाच्या लोखंडामुळे पडत नाही, धूर साफ करणाऱ्या यंत्रणेमुळे पडतो. अमेरिकेत 2007 च्या नियमांनी काजळीची गाळणी आणली, 2010 च्या नियमांनी धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या युरियाची टाकी. युरोपात 2014 पासून युरो 6 या प्रदूषणाच्या नियमांनी हीच जोडी सक्तीची केली. गाळणीत काजळी साठते आणि ती मधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. गाडी वेगात असेल तर हे आपोआप होतं. गाडी तासन् तास जागेवर घुरघुरत उभी असेल तर एक्झॉस्ट तापत नाही आणि काजळी साठतच जाते. अमेरिकेत एसी आणि हीटरसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवायची सवय जुनी. तासाला तीनेक लिटर डिझेल जातं ते वेगळंच. म्हणजे आरामासाठी केलेली गोष्ट टिकाऊपणाच्या मुळावर येते. कॅलिफोर्नियाने उभ्या ट्रकचं इंजिन पाच मिनिटांच्या वर चालू ठेवायला बंदी घातली. मालक एसीसाठी वेगळं छोटं इंजिन किंवा बॅटरी बसवू लागले. युरोपात पार्किंग हीटर फार आधीपासून रुळलेला होता.

या नियमांनी कंपन्यांचीही कसोटी पाहिली. नॅविस्टारने 2010 चे नियम युरियाशिवाय, केवळ धूर पुन्हा इंजिनात फिरवून पाळायचं ठरवलं. ते जमलं नाही. 2012 मध्ये तो मार्ग सोडून कंपनी कमिन्सच्या युरिया-यंत्रणेकडे वळली, पण तोवर त्या मॅक्सफोर्स इंजिनांचे मालक दुरुस्तीने बेजार झाले होते. कॅटरपिलरने तर त्या सुमारास रस्त्यावरच्या ट्रकांसाठी इंजिनं बनवणंच सोडलं. म्हणून 'अमेरिकन ट्रक टिकाऊ' किंवा 'युरोपियन ट्रक नाजूक' असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. कोणत्या वर्षाचा, कोणत्या इंजिनाचा, एवढं विचारल्याशिवाय पुढे बोलूच नये.

खरा फरक बांधणीच्या रीतीत होता. अमेरिकन मालक ट्रकची ऑर्डर देताना इंजिन कमिन्सचं, गिअरबॉक्स इटनचा, एक्सल मेरिटरचे असं सांगू शकत असे. भाग ओळखीचे आणि देशभर मिळणारे, त्यामुळे वायोमिंगसारख्या ओसाड राज्यातही कुणीतरी फिटर हात घालू शके. युरोपियन कंपनी इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल बहुतेक सगळं स्वतःच बनवते आणि एकमेकांशी जुळवते. त्यामुळे गाडी डिझेल कमी पिते आणि गुळगुळीत चालते, पण बिघाड शोधायला कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचाच वर्कशॉप लागतो. युरोपात तो वर्कशॉप फार लांब नसतो आणि मालक दुरुस्तीचा करारच विकत घेतो, म्हणून तिथे हे चालून जातं. अमेरिकाही आता त्याच वाटेने निघाली आहे.

हात घालायची सोय मात्र बोनेटवाल्याची जास्त. बोनेट पुढे उलटलं की इंजिनाच्या दोन्ही बाजू मोकळ्या. फिटर टायरवर उभा राहून काम करतो. चपट्या ट्रकचं रोजचं तेल-पाणी पुढची झडप उघडून बघता येतं, पण इंजिनाला हात लावायचा तर अख्खं केबिन पुढे कलवावं लागतं. त्याआधी आतली प्रत्येक सुटी वस्तू काढायची. बाटल्या, डबा, चपला, देवाची तसबीर, फ्रिजमधलं दूध. एक विसरली तरी ती पुढच्या काचेवर जाऊन आपटते. मग पंप मारायचा, केबिन हळूहळू साठेक अंशांत कलतं, आधाराचा खटका बसला की नाही ते बघायचं, आणि मगच खाली वाकायचं. हा खटका तपासण्यात कुणीही घाई करू नये.

आपल्याकडे

भारताने वाट युरोपची धरली. 1954 मध्ये टाटाने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून गोल बोनेटचे टाटा-मर्सिडीज निघाले. तो करार 1969 मध्ये संपला. पुढे आपल्याकडेही एकूण लांबी मोजली जाते, म्हणून बोनेट आटत गेलं आणि रस्ते चपट्या ट्रकांनी भरले. महाराष्ट्रात याचं एक बोलकं उदाहरण चाकणला घडलं. महिंद्राने तिथे अमेरिकेच्या नॅविस्टारशी भागीदारीत अवजड ट्रक बनवले. कंपनी बोनेटवाल्या ट्रकांसाठी नावाजलेली, 7.2 लिटरचं मॅक्सफोर्स इंजिन तिच्या घराण्यातलं, पण चाकणहून बाहेर पडलेला ट्रक चपट्या तोंडाचा. पुढे महिंद्राने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला.

आरामाच्या बाबतीत आपण फार मागून सुरुवात केली. कित्येक ट्रक कंपनीतून नुसती चासी आणि स्टिअरिंग घेऊन निघत आणि केबिन गावातला बॉडी बिल्डर लाकूड-पत्र्याने बांधून देई. पुढचे पाटे कडक, सीटला फुगा नाही, इंजिनाची धग पायांवर. नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा करणारा नियम 2025 मध्ये लागू झाला, आणि मे महिन्यात नागपूरच्या बाजूने गाडी नेणाऱ्याला विचारा की हा नियम लाड आहे की गरज. कामाच्या तासांचा कायदा मात्र आपल्याकडे 1961 पासून आहे: मोटर वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. कागदावर तो युरोपपेक्षाही कडक आहे. त्याची नोंद ठेवणारं यंत्र केबिनमध्ये नाही आणि महामार्गावर ती तपासणारं कुणी नाही. एसीनंतर सक्ती करायची झालीच, तर ती टॅकोग्राफची करावी आणि त्याच्याबरोबर दर दोन-तीन तासांच्या अंतरावर सुरक्षित पार्किंगची.